संत फ्रान्सिस झेवियर यांच्या खेडोपाडीच्या फेऱ्या

आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत, भीमाशंकराच्या पायथ्याच्या वाड्यांतून आपण करीत आलेल्या सेवाफेऱ्यांविषयी मी चार शब्द लिहावेत, असा महोत्सव समितीचा आग्रह होता. फेऱ्यांचा हिशेब देणे अवघड नव्हते. किती वाड्या झाल्या, किती दिवस मुक्काम पडला, किती रोग्यांस औषध दिले, हे सर्व वहीत आहे. परंतु वही उघडून बसलो असता एक जुना प्रश्न पुन्हा समोर येऊन उभा राहिला. चार दिवस डोंगरावर जावयाचे, औषधे वाटावयाची, मुलांस गाणी शिकवावयाची आणि पाचव्या दिवशी घोडेगावची एस. टी. धरून परत यावयाचे, यात त्या गरिबांचे हित किती आणि आपले समाधान किती? आपल्यांतील पुष्कळांनी हा प्रश्न मला विचारला आहे. डोंगरावरच्या एका वृद्धेनेही तो निराळ्या रीतीने विचारला होता. ती हकीकत पुढे येईल.

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार माझ्याहून ज्यांचा अधिक आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे चरित्रच येथे सांगावे, असे मी ठरविले. हे नाव आपल्यांपैकी कोणास ठाऊक नाही? प्रत्येक धर्मग्रामात या नावाचे दहा-वीस इसम तरी असतातच. गोव्यास त्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन घेऊन आलेलीही बरीच कुटुंबे आपल्यांत आहेत. तथापि जपान आणि चीन यांच्या कथांपुढे त्यांच्या आयुष्यातील दोन वर्षे मागे पडतात. ती वर्षे त्यांनी हिंदुस्थानच्या दक्षिण टोकास कोळ्यांच्या वाळवंटी खेड्यांतून पायी फिरत काढली. मला त्यांविषयीच विशेष सांगावयाचे आहे.

स्पेन देशाच्या उत्तरेस नव्हार नावाचे छोटे राज्य होते. तेथील झेवियर गढीत ७ एप्रिल १५०६ रोजी फ्रान्सिस यांचा जन्म झाला. पाच भावंडांत ते शेंडेफळ. वडील राजदरबारी मोठ्या अधिकारावर होते. परंतु १५१२ साली कॅस्टिलच्या फौजेने नव्हार जिंकले, १५१५ साली वडील वारले, आणि दुसऱ्याच वर्षी विजेत्यांनी गढीचे बुरूज व तट पाडून टाकिले. आपल्याच घराच्या भिंती पाडल्या जात असता पाहणारा हा मुलगा तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता. पुढे राजेरजवाड्यांच्या वैभवाचा त्यांस जो वीट आला, त्याचे बीज मला या दिवसांत दिसते. असो.

१५२५ साली ते पॅरिसच्या विद्यापीठात गेले. तेथे सेंट बार्ब विद्यालयात पीटर फेबर नावाचा एक सालस विद्यार्थी त्यांच्या खोलीत राहत असे. १५२९ साली त्याच खोलीत इग्नेशियस लोयोला हे वयाने बरेच मोठे असलेले विद्यार्थी येऊन राहिले. फ्रान्सिस हुशार, उमदे आणि मानाचे भुकेले. लंगडत चालणाऱ्या आणि भिक्षा मागून शिकणाऱ्या या गृहस्थाची त्यांनी प्रथम थट्टाच केली. त्यांचे मन वळावयास काही वर्षे लागली. अखेर १५ ऑगस्ट १५३४ रोजी, म्हणजे पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणी, मोंमार्त्र टेकडीवरील छोट्या मंदिरात सात मित्रांनी दारिद्र्य आणि ब्रह्मचर्य यांचे व्रत घेतले. त्यांत फ्रान्सिस एक होते. २४ जून १५३७ रोजी व्हेनिस शहरी त्यांस गुरुदीक्षा मिळाली. येशूसंघास पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली ती १५४० च्या सप्टेंबरात. पण तोवर फ्रान्सिस रोम सोडून गेले होते.

हे जाणे योगायोगाने घडले. पोर्तुगालच्या राजाने हिंदुस्थानासाठी धर्मगुरू मागितले होते. त्यासाठी नेमलेले बोबादिया आजारी पडले आणि ऐन वेळी इग्नेशियसांनी फ्रान्सिस यांस पाठविण्याचे ठरविले. ते एका दिवसात निघाले. ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी लिस्बन बंदर सोडले, आणि मोझांबिकात कित्येक महिने अडकून पडल्यावर ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास उतरले. पोपांच्या प्रतिनिधीचा अधिकार त्यांच्या हाती होता. पण त्यांनी बिऱ्हाड केले ते इस्पितळात. दुखणाईतांची सेवा करावी, अत्यवस्थ रोग्याच्या उशापायथ्याशी रात्री निजावे, तुरुंगात जावे, रविवारी महारोग्यांकडे जावे, आणि दुपारी हातात घंटा घेऊन रस्त्याने वाजवीत मुलांना व नोकरचाकरांना धर्मशिक्षणासाठी गोळा करावे, असा त्यांचा क्रम होता. ही घंटा वाचकांनी ध्यानात ठेवावी.

गोव्यात तेव्हा बिशप होते, धर्मगुरू होते, ख्रिस्तमंदिरे होती. ज्यांच्यापाशी यांतले काहीच नव्हते असे ख्रिस्ती लोक कन्याकुमारीच्या पलीकडे होते. तेथील परवर जातीचे लोक समुद्रात बुड्या मारून मोती काढीत व मासे धरीत. मोत्यांच्या धंद्यावरून त्यांचे बलाढ्य व्यापाऱ्यांशी वैर पडले. तेव्हा पोर्तुगिजांचे संरक्षण मिळावे म्हणून १५३५ पासूनच्या दोन-तीन वर्षांत त्यांतील सुमारे वीस हजारांनी बाप्तिस्मा घेतला होता. बाप्तिस्मा देणारे पाणी शिंपडून निघून गेले. पुढे पाच वर्षे त्यांच्याकडे कोणी वळून पाहिले नाही. आपण ख्रिस्ती आहो, एवढेच त्या बिचाऱ्यांस सांगता येई. ख्रिस्ती म्हणजे काय, हे सांगता येत नसे. मुलाबाळांस बाप्तिस्मा द्यावयास, मिस्सा करावयास कोणी धर्मगुरू नाही. कारण त्या ओसाड किनाऱ्यावर पोर्तुगीज मनुष्य राहावयासच तयार नव्हता. थोडक्यात सांगावयाचे तर, धावती भेट देऊन गाव टाकून दिल्याने काय होते याचा नमुनाच फ्रान्सिस यांनी तेथे पाहिला.

१५४२ च्या पावसाळ्यानंतर ते तिकडे निघाले. बरोबर गोव्याच्या विद्यालयात शिकत असलेले तीन परवर तरुण होते. किनारा म्हणजे तापलेली वाळू, ताडाची झाडे आणि खारे वारे. अन्न म्हणजे भात आणि मासळी. तमिळ भाषेचा त्यांस गंध नव्हता. तेव्हा त्यांनी तूतुकुडीस बसून, दोन्ही भाषा थोड्याफार जाणणाऱ्यांना जवळ घेऊन, क्रुसाची खूण, प्रेषितांचा विश्वासांगीकार, दहा आज्ञा, आमच्या स्वर्गीय बापा आणि नमो मारिया ही तमिळात उतरवून घेतली. या कामी काही महिने गेले. मग पॅरिसच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकविलेल्या या विद्वानाने ते सर्व शाळकरी मुलाप्रमाणे तोंडपाठ केले, आणि हातात तीच गोव्याची घंटा घेऊन ते गावात शिरले.

गावात महिनाभर मुक्काम, दिवसातून दोन वेळा घंटा, आणि मुलांचा मेळा. मुलांनी प्रार्थना शिकावयाची, घरी जाऊन आईबापांस, शेजाऱ्यांस शिकवावयाची. रविवारी सारा गाव, बायका, पुरुष, पोरे एकत्र. फ्रान्सिस एकेक वाक्य म्हणत, लोक ते मागून म्हणत. विश्वासांगीकारातील प्रत्येक कलमानंतर ते विचारीत, यावर तुमची श्रद्धा आहे काय? लोक छातीवर हातांची घडी घालून होकार देत. पुढच्या गावी निघण्यापूर्वी सर्व प्रार्थनांची लेखी प्रत ते गावात ठेवीत. लिहितावाचता येणाऱ्यांनी ती उतरून घ्यावी, बाकीच्यांनी ऐकून पाठ करावी, आणि सणावारी एकत्र जमून म्हणावी, अशी त्यांची व्यवस्था असे. एकाच गावात इतक्या जणांस बाप्तिस्मा द्यावा लागे की हात गळून जात आणि तीच वाक्ये म्हणून म्हणून आवाज बसे. दुखणाईतांकडून बोलावणी येत ती वेगळीच. सर्वांकडे जाणे अशक्य झाले तेव्हा त्यांनी मुलांच्या हाती क्रूस देऊन त्यांना रोग्यांकडे धाडिले. मुलांनी रोग्याजवळ बसावे, घरच्यांस गोळा करावे आणि प्रार्थना म्हणावी.

या दिवसांत त्यांनी युरोपातील आपल्या संघबंधूंस जे पत्र धाडिले ते प्रसिद्ध आहे. पॅरिसच्या विद्यापीठात परत जावे आणि विद्येचा नुसता साठा करणाऱ्या पंडितांस ओरडून ओरडून सांगावे की तुमच्या आळसापायी येथे किती जीव उपाशी आहेत, असे आपणास वारंवार वाटते, असा त्यात मजकूर आहे. हे पत्र युरोपात हातोहात फिरले आणि त्याने कित्येक तरुण येशूसंघाकडे ओढले गेले.

परंतु मला स्वतःला त्या मोठ्या पत्रापेक्षा १५४४ साली किनाऱ्यावरूनच त्यांनी लिहिलेल्या वीसांहून अधिक लहान चिठ्ठ्या अधिक मोलाच्या वाटतात. लिस्बनहून त्यांच्याबरोबर आलेले फ्रान्सिस्को मान्सिल्यास नावाचे एक पोर्तुगीज सहकारी होते. विद्या बेताची, स्वभाव काहीसा चिडखोर. त्यांस एका गावी ठेवून फ्रान्सिस पुढल्या गावी जात, आणि तेथून चिठ्ठी धाडीत. या चिठ्ठ्यांत तत्त्वज्ञान नाही. शिक्षकांचे पैसे वेळेवर पोचले का? मंदिराचे छप्पर कोठवर आले? मुलांचा वर्ग रोज भरतो का? मातेउस नावाचा दुभाषा मुलगा मोठ्याने, सर्वांस ऐकू जाईल असे बोलतो ना? त्यास सांगा की तू चांगला मुलगा हो, मी तुझा चांगला बाप होईन. लोक अपराध करतील ते सोसून घ्या. ते आज सुधारले नाहीत तर उद्या सुधारतील. तुम्ही त्यांस प्रिय झालात तरच तुमच्या हातून काही होईल. हे पुन्हा पुन्हा येते. दारूच्या बाबतीत मात्र ते कठोर होते, आणि पिणाऱ्यांस व विकणाऱ्यांस दंड व कैद सांगत. आपल्या वाड्यांतून दारूने घरे कशी बसतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस त्यांचा त्रागा समजेल. दंडाने ती सुटते असे मात्र माझ्या पाहण्यात नाही.

याच चिठ्ठ्यांत एक गंमतीची, पण मोठी शिकवण देणारी गोष्ट आहे. विश्वासांगीकाराच्या पहिल्या तमिळ भाषांतरात, मी श्रद्धा ठेवितो, या ठिकाणी दुभाषांनी जो शब्द घातला होता त्याचा अर्थ, मला पाहिजे, असा होत असे. म्हणजे गावोगाव हजारो लोक महिनोन् महिने देवापुढे, मला पाहिजे, मला पाहिजे, असे घोकीत होते! चूक ध्यानात येताच फ्रान्सिस यांनी मान्सिल्यासांस तातडीने कळविले की तो शब्द काढा आणि श्रद्धेचा खरा शब्द घाला. संतांच्या हातूनही अशी चूक होते, आणि ती दुरुस्त करावयास त्याच गावांत पुन्हा जावे लागते किंवा तेथे कोणी तरी असावे लागते. दुभाषा नसला की त्यांचे कसे होई, तेही त्यांनी लपविले नाही. आपले बोलणे यांस कळत नाही, यांचे आपणास कळत नाही, तेव्हा येथे आपण कसे दिवस काढीत असू याची कल्पना करा, असा त्यांच्या एका चिठ्ठीचा आशय आहे.

त्याच वर्षी, जून महिन्यात, आणखी एक संकट आले. विजयनगरच्या बाजूचे घोडेस्वार, ज्यांस परवर लोक बडग म्हणत, किनाऱ्यावर येऊन लुटालूट करू लागले. कन्याकुमारीकडील ख्रिस्ती जीव घेऊन समुद्रातील खडकांवर पळाले. तेथे अन्न नाही, पाणी नाही. माणसे तहानेने मरू लागली. फ्रान्सिस यांनी मनप्पाडहून वीस होड्या भरून मदत काढली. परंतु वारा प्रतिकूल, आठ दिवस झगडूनही होड्या पोचेनात. तेव्हा ते जमिनीवरून पायी तिकडे गेले. कोणी उपाशी, कोणी म्हातारे चालण्यास असमर्थ, कोणा बायकांची वाटेतच बाळंतपणे झालेली, असे दृश्य त्यांनी पाहिले. मदत पोचती करण्यासाठी गावोगावच्या पाटलांकडे त्यांनी माणसे धाडिली, आणि गरीब लोकांकडून वर्गणी मात्र घेऊ नये अशी सक्त ताकीद दिली. प्रार्थना शिकविणे वेगळे आणि भुकेल्यास भात देणे वेगळे, असा भेद त्यांच्या मनात नव्हता.

आता त्या प्रसिद्ध महिन्याकडे वळू. १५४४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात त्रावणकोरच्या राजाच्या परवानगीने ते पश्चिम किनाऱ्यावरील मुक्कुवर कोळ्यांच्या गावांतून फिरले. एका महिन्यात दहा हजारांहून अधिक जणांस त्यांनी बाप्तिस्मा दिला. ही संख्या त्यांच्याच पत्रात आहे. पुरुष आणि मुलगे एके ठिकाणी बसवावे, प्रार्थना त्यांच्या भाषेत म्हणून घ्याव्या, श्रद्धेची कबुली घ्यावी, प्रत्येकास नवे नाव कागदावर लिहून द्यावे. मग त्यांनी घरी जाऊन बायकामुलांस धाडावे. असे गावामागून गाव.

ही संख्या वाचून आपली छाती फुगते. परंतु माझ्यासारख्या धर्मगुरूस ती वाचून थोडी धास्तीच वाटते. एका महिन्यात दहा हजार माणसांस काय शिकविता येईल? पूर्वीच्या वीस हजारांचे जे झाले तेच यांचे का होऊ नये? टीकाकारांनी हा प्रश्न त्या काळापासून विचारला आहे आणि तो रास्त आहे. शिवाय त्या गावांतून लोकांनी आपल्या जुन्या देवतांची स्थाने मोडली आणि फ्रान्सिस यांस त्याचा आनंद झाला, हेही त्यांनी लिहून ठेविले आहे. भीमाशंकराच्या सावलीत राहणाऱ्या, महाशिवरात्रीस शेजाऱ्यांच्या यात्रेकरूंना पाणी देणाऱ्या आपण त्या गोष्टीचा अभिमान धरू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मांविषयी जो आदर शिकविला तो फ्रान्सिस यांच्या काळास ठाऊक नव्हता. संत झाले तरी ते आपल्या शतकाचेच पुत्र होते. आपण डोंगरावर जातो ते कोणाचा धर्म विचारावयास नव्हे, हे येथे स्पष्ट लिहिलेले बरे.

मात्र त्या महिन्याचा जो निष्कर्ष टीकाकार काढतात तो पुरा नाही. कारण फ्रान्सिस निघून गेले तरी गाव रिकामे राहिले नाही. प्रत्येक गावात त्यांनी कणक्कपिळ्ळै नेमला होता. हा त्याच गावचा लिहितावाचता येणारा मनुष्य असे. सकाळ-संध्याकाळ मुले जमविणे, रविवारची प्रार्थना चालविणे, मरणोन्मुख अर्भकांस बाप्तिस्मा देणे, जन्ममरणाची व लग्नाची नोंद ठेवणे, गावात कलह झाला तर धर्मगुरूस कळविणे, ही त्याची कामे. आपल्या जुन्या मिशनांतील मास्तर आठवा, म्हणजे कणक्कपिळ्ळै कोण ते कळेल. त्यांच्या वेतनासाठी फ्रान्सिस यांनी गव्हर्नराकडून दरसाल चार हजार फनम् मंजूर करून घेतले. ही रक्कम वास्तविक पोर्तुगालच्या राणीच्या पादत्राणांच्या खर्चाची होती, आणि स्वर्गाची पायरी चढावयास राणीस याहून चांगले जोडे मिळणार नाहीत, अशा अर्थाचे त्यांनी तिला कळविले, असे चरित्रकार सांगतात. त्या चिठ्ठ्यांतून शिक्षकांच्या पैशांविषयी इतका घोर का, हे आता ध्यानात येईल.

येथे माझी स्वतःची गोष्ट सांगतो. गुरुदीक्षेनंतरच्या पहिल्या वर्षी मी काही तरुणांस घेऊन डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडील एका वाडीत चार दिवस राहिलो होतो. हिरड्याचा हंगाम होता. बायाबापड्या दिवसभर रानात, पोरे उन्हात. आम्ही औषधे वाटली, जखमा धुतल्या, रात्री कंदिलाच्या उजेडात गाणी म्हटली. एका वृद्धेच्या पायास जुनी जखम होती. चार दिवस मी ती रोज बांधली. निघताना तिने विचारले, आता पुन्हा कधी येणार? मी म्हणालो, पुढल्या महिन्यात. पुढल्या महिन्यात पाऊस लागला, आणि त्या डोंगरातला पाऊस म्हणजे काय हे ज्याने पाहिले आहे तोच जाणे. त्यानंतर माझी बदली झाली. मी गेलो तो सहा वर्षांनी. वृद्धा वारली होती. तिच्या सुनेने मला ओळखले, चहा केला, आणि सहज सांगितले की सासूबाई पुढचे दोन-तीन महिने पाय बांधावयास त्या फादरची वाट पाहत होत्या, गावातल्या कोणाला हात लावू देत नव्हत्या. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

जखम बांधावयास मी सुनेलाच त्याच वेळी शिकविले असते तर? पट्टी आणि औषध तिच्याच हाती ठेविले असते तर? दहा मिनिटांचे काम होते. मला ते सुचले नाही, कारण माझ्या हातून बांधले जाण्यात मला धन्यता वाटत होती. सेमिनरीत मी फ्रान्सिस यांचे चरित्र दोनदा वाचले होते. त्यातील कणक्कपिळ्ळैचा अर्थ मला त्या चुलीपाशी कळला.

म्हणूनच महोत्सवी वर्षी फेऱ्यांची गावे दुप्पट करावीत, ही समितीची सूचना मी मान्य केलेली नाही, आणि त्यामुळे काही उत्साही मंडळी नाराज आहेत हेही मला ठाऊक आहे. ज्या वाडीत औषधाची पेटी आणि मुलांची वही सांभाळणारे तिथलेच एक माणूस मिळेल तेथे आपण जाऊ. मिळाले नाही तर ते तयार होईपर्यंत त्याच वाडीत पुन्हा पुन्हा जाऊ. नवी वाडी त्यानंतर.

किनाऱ्यावर फ्रान्सिस यांच्या मागे कोण राहिले ते पाहण्यासारखे आहे. मान्सिल्यास टिकले नाहीत. मोलुक्का बेटांस जाण्याची आज्ञा त्यांनी मोडली आणि १५४८ साली फ्रान्सिस यांनी त्यांस संघातून कमी केले. १५४५ साली आलेले इटालियन धर्मगुरू अंतोनियो क्रिमिनाली टिकले. १५४९ साली वेदालै येथे, आपल्या लोकांस होड्यांत चढविता चढविता, ते बडगांच्या भाल्यांनी पडले. येशूसंघाचे ते पहिले हुतात्मे. आणि हेन्रिक हेन्रिकेस. १५४६ साली हिंदुस्थानात आलेले हे प्रकृतीने अशक्त धर्मगुरू लवकरच त्या किनाऱ्यावर गेले. तमिळ त्यांनी इतकी आत्मसात केली की त्यांनी तिचे व्याकरण रचिले, आणि १५७८ साली कोल्लम येथे त्यांचे सोळा पानांचे तमिळ प्रार्थनापुस्तक छापले गेले. ते १६०० साली वारले. म्हणजे फ्रान्सिस यांनी किनाऱ्यावर जी दोन-सव्वादोन वर्षे काढली, त्यापुढे या माणसाने पन्नासाहून अधिक वर्षे काढली. आपल्या भाषेसही असाच एक टिकणारा मनुष्य लाभला. १५७९ साली गोव्यास आलेले फादर थॉमस स्टीफन्स चाळीस वर्षे तेथे राहिले, आणि त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले.

फ्रान्सिस यांचे पुढील आयुष्य थोडक्यात सांगतो. १५४५ साली ते मलाक्क्यास गेले, तेथून मोलुक्का बेटांत. १५४८ च्या प्रारंभी परत येऊन पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या भेटीसाठी ते वसईस आले. भीमाशंकरच्या नागफणीवर उभे राहिले असता पश्चिमेस जे कोकण खाली पसरलेले दिसते, त्याच्या पलीकडच्या कडेस वसई आहे. आपला जुन्नर-आंबेगावचा मुलूख तेव्हा निजामशाहीत होता, आणि नाणेघाटाने मालाचे बैल वरखाली करीत होते. परंतु सह्याद्री चढून फ्रान्सिस घाटावर आले नाहीत. त्या वर्षी त्यांचे ध्यान पूर्वेकडे लागले होते. वसईचे काम उरकले, आणि पुढे दक्षिणेस ते पुन्हा आपल्या कोळ्यांच्या किनाऱ्यावर जाऊन आले. पूर्वीच्या गावांत काय उरले आहे ते त्यांनी स्वतः पाहिले आणि तेथील धर्मगुरूंस लेखी सूचना दिल्या: अर्भकांचा बाप्तिस्मा चुकवू नका, मुलांच्या वर्गास स्वतः जा, भांडणे सामोपचाराने मिटवा, लोकांची निंदा परक्यांपुढे करू नका.

१५ एप्रिल १५४९ रोजी ते गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्टला जपानातील कागोशिमा येथे उतरले. जपानात ते दोन वर्षांहून अधिक राहिले. तेथे दहा हजार नव्हे, काही शेकडाच लोक त्यांच्या उपदेशाने ख्रिस्ती झाले; पण तेथील लोकांशी वाद घालण्यासाठी त्यांनी पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक वेळ भाषेस आणि रीतिरिवाजांस दिला. किनाऱ्यावरच्या त्या चुकलेल्या शब्दाची आठवण त्यांस असेल, असे मला आपले वाटते. १५५२ साली गोव्यास येऊन ते लगेच चीनकडे निघाले. चीनचे दार परकीयांस बंद होते. किनाऱ्याजवळच्या सान्चियन बेटावर, चोरून पलीकडे नेऊन सोडण्याचे कबूल केलेल्या व्यापाऱ्याची वाट पाहत ते थांबले. तो आला नाही. थंडी पडली, ताप चढला, पोर्तुगीज गलबते एकेक करून निघून गेली. ३ डिसेंबर १५५२ रोजी पहाटे, गवताच्या झोपडीत, अंतोनियो नावाच्या एका चिनी ख्रिस्ती तरुणाने त्यांच्या हातात मेणबत्ती धरली असता त्यांनी प्राण सोडला. वय शेहेचाळीस वर्षांचे.

त्यांचा देह प्रथम मलाक्क्यास आणि १५५४ च्या मार्चात गोव्यास आणण्यात आला. १२ मार्च १६२२ रोजी त्यांस संतपद जाहीर झाले, आणि १९२७ साली बाल येशूची संत तेरेजा हिच्याबरोबर ते सर्व मिशनांचे आश्रयदाते ठरले. आपल्यांतील काही जण २०२४ च्या डिसेंबरात दर्शनासाठी जुन्या गोव्यास गेले होते. रांगेत तीन तास उभे राहिल्यावर त्यांच्यातल्या एका मुलीने परत येऊन मला विचारले की, संतांचा उजवा हात कोठे आहे? कोपरापासून खालचा तो हात १६१४ साली येशूसंघाच्या मुख्य अधिपतींच्या आज्ञेने रोमला नेण्यात आला, आणि तेथील येशूमंदिरात तो आहे. बाप्तिस्मा देता देता किनाऱ्यावर जो गळून जाई, तोच तो हात. ज्या कणक्कपिळ्ळैंनी त्या गावांत मागे राहून रोज घंटा वाजविली, त्यांतील बहुतेकांची नावे कोठल्याच पुस्तकात आढळत नाहीत.